उडत्या तबकड्यांचं गाव: रॉसवेल, रेचेल की मार्फा? सत्तरीच्या बाबांना घेऊन जायचंय

पार्ले_पूर्व

बाबांना घेऊन ऑक्टोबरच्या आसपास अमेरिकेला जातेय. धाकटा भाऊ डॅलसला असतो, व्हिसाचं सगळं बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन उरकलंय, तिकिटं तेवढी काढायची बाकी आहेत. ग्रँड कॅन्यन, वेगासचे दिवे, डिस्नी यातलं काहीही बाबांना नकोय. त्यांची मागणी एकच, उडत्या तबकडीचं गाव दाखवा.

हे वेड जुनं आहे. पश्चिम रेल्वेत सिग्नल खात्यात होते, रात्रपाळीला केबिनबाहेर खुर्ची टाकून आकाशाकडे बघत बसायचे असं आई सांगायची. घरी एक जाड फाइल आहे, त्यात पेपरातली कात्रणं, कडा पिवळ्या पडून तुकडे पडायला आलेत, प्रत्येकावर निळ्या शाईत तारीख आणि पेपरचं नाव. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेत भाषण असलं की पार्ल्याहून दोन लोकल बदलून जायचे, अजूनही जातात. भोळे नाहीयेत ते, सगळं खरं मानतात असंही नाही, पण ज्या जागेवरून ही गोष्ट सुरू झाली ती जागा डोळ्यांनी बघायचीय त्यांना आणि मला ते मनापासून करायचंय.

अडचण अशी की घरात तिघांची तीन मतं. बाबा म्हणतात न्यू मेक्सिकोतलं रॉसवेल. भाचा म्हणतो एरिया ५१ या गुप्त लष्करी तळाशिवाय काय अर्थ आहे, नेवाडातल्या रेचेलला चला. भाऊ म्हणतो टेक्सासमध्येच मार्फा आहे, रात्री गूढ दिवे दिसतात, गावही छान आहे, लांब कशाला जायचं. भावाला सुट्टी चार-पाच दिवसांचीच मिळेल, गाडी तोच चालवणार. बाबांना शुगर आहे, गोळ्या आणि एक इन्सुलिन, गुडघे कुरकुरतात पण चालतात बऱ्यापैकी. आम्ही घरी शाकाहारी.

कुणी यातल्या गावांना जाऊन आलंय का? सत्तरीच्या माणसाला खरंच काय बघायला मिळेल ते सांगा, यूट्यूबवर सगळे नुसते ओरडत असतात.

टेक्ससकर

ताई, पहिल्यांदा एक सांगतो, ही तीन गावं एका पारड्यात घालूच नका. रॉसवेलला गोष्ट आहे, रेचेलला रस्ता आहे आणि मार्फाला आकाश आहे. तुमच्या बाबांची फाइल ऐकून मी डोळे मिटून रॉसवेल म्हणेन.

कारण रॉसवेल हे खरंखुरं गाव आहे, पन्नास हजाराच्या आतबाहेर वस्ती, हॉस्पिटल आहे, वॉलमार्ट आहे, हॉटेलं आहेत, मेडिकल स्टोअर आहे. शुगरवाल्या माणसाला घेऊन वाळवंटात जाताना या गोष्टी पहिल्यांदा बघायच्या. आणि डॅलसहून थेट छोटं विमान जातं, गाडीने गेलात तर सात-आठ तास जातील, विमानाने दीड तासाच्या आसपास. आता गंमत बघा, हे विमान जिथं उतरतं तो विमानतळ म्हणजेच १९४७ सालचा तो लष्करी तळ. नंतर त्याला वॉकर एअर फोर्स बेस म्हणायचे, १९६७ ला बंद झाला. हल्ली तिथं रिटायर झालेली मोठी विमानं ओळीने उभी करून ठेवलेली असतात, उतरताना खिडकीतून दिसतात. म्हणजे बाबांचं पाऊल पहिल्यांदा टेकणार तेच ८ जुलै १९४७ ला ज्या तळावरून बातमी सुटली तिथं. त्या दिवशी तळाच्या माहिती अधिकाऱ्याने पत्रक काढलं की आम्हाला फ्लाइंग डिस्क सापडली आहे, आणि काही तासांत वरिष्ठांनी सांगितलं की नाही नाही, हवामानाचा फुगा आहे. आणि त्या वेळी हा तळ म्हणजे काही आडबाजूचं ठाणं नव्हतं, ५०९ वा बॉम्ब ग्रुप इथं होता, अख्ख्या जगात अणुबॉम्ब टाकायची तयारी असलेली ती एकमेव तुकडी. अशा ठिकाणाहून पत्रक निघतं आणि लगेच फिरवलं जातं, मग लोकांच्या डोक्यात किडा वळवळणारच ना.

एक दुरुस्ती मात्र बाबांना आधीच सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होणार नाही. ते तुकडे रॉसवेल गावात पडलेच नव्हते, कोरोना नावाच्या खेड्याजवळच्या रँचवर सापडले होते, रॉसवेलपासून वायव्येला शंभर-सव्वाशे किलोमीटर. तिथं बघायला काही नाही आणि उगाच कुणाच्या रानात घुसू नये. रॉसवेलमध्ये बघायचं ते मेन स्ट्रीटवरचं यूएफओ म्युझियम, जुन्या सिनेमा थिएटरच्या इमारतीत आहे, १९९२ पासून चालू. भिंतभर साक्षीदारांची लेखी निवेदनं, जुनी वर्तमानपत्रं, नकाशे, मागे एक लायब्ररी पण आहे. मुलं धूर सोडणाऱ्या तबकडीच्या देखाव्यापुढे फोटो काढतात, तुमचे बाबा निवेदनं वाचत उभे राहतील असं मला वाटतं, त्यामुळे वेळ हातात ठेवा आणि बसायला मिळेल तिथं बसवा. बाहेर रस्त्यावरच्या दिव्यांच्या गोळ्यांवर तिरके काळे डोळे रंगवलेत, मॅकडोनाल्ड्सची इमारतच तबकडीच्या आकाराची आहे. हे सगळं एका संध्याकाळचं काम.

आणखी एक, हे बहुतेकांना माहीत नसतं. त्या तुकड्यांबरोबर अधिकाऱ्यांचे जे प्रसिद्ध फोटो आहेत ना, गालिच्यावर चांदीचा कागद आणि काड्या पसरलेल्या, ते रॉसवेलचे नाहीत, फोर्ट वर्थचे आहेत. म्हणजे तुमच्या भावाच्या घरापासून तासाभरावर. त्या निगेटिव्ह मधल्या आर्लिंग्टनच्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जपून ठेवल्यात, ऑनलाइनही बघता येतात. निघायच्या आधी बाबांना मोठ्या स्क्रीनवर दाखवा.

लांबचा_ड्रायव्हर

भाच्याच्या बाजूने बोलायला मी. रेचेलला जाऊन आलोय, आणि माझं मत असं की तरुण असाल तर जरूर जा, बाबांना घेऊन मुळीच नको.

वेगासहून अडीच तास, शेवटचा टप्पा स्टेट रूट ३७५. या रस्त्याला १९९६ मध्ये सरकारनेच एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे असं नाव दिलं, साधारण १५८ किलोमीटर लांबी आणि मध्ये वस्ती म्हणून फक्त रेचेल, पन्नासएक माणसं. तिथं एकच खाण्यापिण्याची जागा, लिटल एलीइन, तेच हॉटेल, तेच बार, तेच दुकान. पेट्रोल अलामो किंवा अ‍ॅश स्प्रिंग्जला फुल्ल करून घ्यायचं, पुढच्यावर विसंबायचं नाही. मोबाइलला रेंज धड नाही, मॅप आधी डाउनलोड करा. आणि रात्री त्या रस्त्यावर गाई असतात, खऱ्या गाई, कुंपण नाही काही नाही, काळ्या गाई काळ्या डांबरावर बसलेल्या, हेडलाइटच्या टप्प्यात येईपर्यंत दिसत नाहीत. आकाश बघायच्या नादात गाडी चालवणारा वर बघत बसला तर संपलंच.

आता एरिया ५१ बद्दल. बघायला काही मिळत नाही हे भाच्याला नीट समजावा. कच्च्या रस्त्याने हद्दीपर्यंत जाता येतं, तिथं पाट्या आहेत, टेकडीवर एक पिकअप उभी असते आणि ती तुमच्याकडेच बघत असते. बऱ्याच ठिकाणी कुंपणसुद्धा नाही, नुसते खांब. म्हणून लोकांना वाटतं की दोन पावलं पुढे गेलो तर काय होतंय. तर ऐका, २०१९ च्या सप्टेंबरात दोन डच यूट्यूबर तिथल्याच जवळच्या सरकारी हद्दीत घुसले, त्यांना पकडलं, तुरुंगात ठेवलं, दंड झाला. आपण व्हिजिटर व्हिसावर जाणारी माणसं, आपल्या पासपोर्टवर असलं काही लागलं तर पुढच्या वेळेला बीकेसीच्या खिडकीत काय उत्तर देणार? फोटो काढायला बंदी आहे म्हटलं की कॅमेरा बॅगेत, ड्रोन तर घरीच.

बाकी त्या भागाची खरी गोष्ट मला तबकड्यांपेक्षा भारी वाटते. १९५५ मध्ये तिथं यू-२ या हेरगिरीच्या विमानाच्या चाचण्या सुरू झाल्या. त्या काळात प्रवासी विमानं वीस हजार फुटांच्या खालीच उडायची आणि हे साठ हजारांच्या वर. खाली सूर्य मावळलेला, अंधार पडलेला, आणि तेवढ्या उंचीवर मात्र अजून ऊन. त्या चंदेरी पंखांवर ऊन चमकलं की खालून विमान चालवणाऱ्या पायलटला आगीचा गोळा दिसायचा. पायलट रिपोर्ट करायचे, सरकारला खरं सांगता यायचं नाही. हे सीआयएच्या कागदपत्रांत आहे, २०१३ मध्ये ती मोकळी झाली तेव्हाच एरिया ५१ हे नाव अधिकृतपणे बाहेर आलं. हे सगळं तुम्ही घरी बसून वाचू शकता, त्यासाठी सत्तरीच्या माणसाला उन्हात नेऊ नका. आणि रेचेलला काही झालं तर हॉस्पिटल किती लांब आहे ते आधी नकाशावर बघा.

पार्ले_पूर्व

दोघांचेही मनापासून आभार. रेचेल कटाप. भाच्याला गाईंचा भाग वाचून दाखवला, गप्प झाला. पण रॉसवेलला म्युझियम झाल्यावर पुढे काय, एवढ्या लांब जाऊन एक संध्याकाळ? बाबांना रात्रीचं आकाश बघायचंय, पार्ल्यातून आम्हाला शुक्र आणि गुरू सोडले तर काही दिसत नाही. मार्फाचं कुणी सांगेल का?

आकाशदर्शन_ठाणे

मार्फाच्या दिव्यांबद्दल आधी स्पष्ट सांगते. गावाच्या पूर्वेला हायवे ९० वर चौदाएक किलोमीटरवर बघायची खास जागा बांधलीय, तिथून दक्षिणेकडे बघायचं. बरेचदा लोकांना दिवे दिसतात, नाचतात, एकाचे दोन होतात. २००४ मध्ये डॅलसच्याच युनिव्हर्सिटीतल्या फिजिक्सच्या विद्यार्थ्यांनी रात्रीमागून रात्री मोजमापं घेतली आणि दाखवलं की त्या जागेवरून दिसणारे ते दिवे म्हणजे हायवे ६७ वरच्या गाड्यांचे हेडलाइट. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची गरम असली की प्रकाश वाकतो, लांबचा दिवा उचलल्यासारखा दिसतो, थरथरतो. मला तर हे कळल्यावर बघायला आणखी मजा आली, वाळवंट स्वतःच भिंगाचं काम करतंय.

पण मार्फाला जायचं ते दिव्यांसाठी नाही, तिथून तासाभरावर फोर्ट डेव्हिसच्या डोंगरात मॅकडोनाल्ड वेधशाळा आहे त्यासाठी. मंगळवार, शुक्रवार, शनिवार संध्याकाळी स्टार पार्टी असते, तिकीट आधी काढावं लागतं, माणसं हातात हिरवा लेझर घेऊन तारे दाखवतात आणि रांगेने दुर्बिणी मांडलेल्या असतात. उंचीवर आहे, ऑक्टोबरमध्ये रात्री थंडी वाजते, बाबांना कानटोपी न्या.

आता दिवस. घरातलं कालनिर्णय काढा आणि अमावस्या बघा. चंद्र असला की काळं आकाश कितीही काळं असो, आकाशगंगा धुऊन निघते. ऑक्टोबर म्हणजे सर्वपित्री. तिच्या आगेमागे चार-पाच दिवस गेलात तर संध्याकाळी अंधार पडल्या पडल्या नैऋत्येला धनु राशीतून वर चढणारी आकाशगंगा दिसेल, डोक्यावर हंस, ईशान्येला शर्मिष्ठा आणि तिच्याखाली देवयानी दीर्घिका, नुसत्या डोळ्यांनी, पुसट कापसासारखी. पंचवीस लाख प्रकाशवर्षं. बाबांना म्हणावं ही एक परकी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल कुणाचाच वाद नाही.

तबकडीप्रेमी_गिरगाव

इतकी सगळी उत्तरं हेडलाइट आणि विमानं म्हणून चालली आहेत म्हणून लिहितोय. मार्फाच्या दिव्यांचा किस्सा १८८३ सालापासून सांगतात, तेव्हा तिथं कुठली मोटार? आणि २००४ मध्ये अमेरिकन नौदलाच्या वैमानिकांना निमिट्झ जहाजाजवळ जे दिसलं, त्याचा व्हिडिओ २०२० मध्ये पेंटागॉननेच अधिकृतपणे बाहेर काढला, तो काय होता ते आजही कुणाला सांगता आलेलं नाही. नासाने समिती नेमली, २०२३ मध्ये अहवाल दिला, म्हणजे विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. बाबांची फाइल जपून ठेवा ताई, कात्रणं स्कॅन करा, त्या कागदाचं आयुष्य संपत आलंय. आणि बाबांना आनंदाने जाऊ द्या, प्रत्येक पाटीपुढे कुणी हे फुगा होतं ते विमान होतं सांगत बसू नका.

आकाशदर्शन_ठाणे

गिरगावकर काका, हसण्यावारी कुणीच नेत नाहीये, उलट मला वाटतं खुलासा कळला की माणूस आकाशाकडे जास्त नीट बघतो. १८८३ चा किस्सा आहे खरा पण तो पुढे अनेक वर्षांनी सांगितलेला, आणि त्या सालचा दिवा आज व्ह्यूइंग एरियातून दिसणाऱ्या दिव्यासारखाच होता हे कोण ठरवणार. नासाच्या त्याच अहवालात परग्रहवासीयांचा पुरावा मिळाला नाही असंही लिहिलंय, त्यांचा मुख्य मुद्दा होता की आपल्याकडची मोजमापंच धड नाहीत. हेच तर मी म्हणतेय.

आपल्याकडचंच बघा. २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आठवतेय? विदर्भापासून अर्ध्या महाराष्ट्राने आकाशातून जळत जाणारे लाल गोळे बघितले, सगळ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप पेटले, आणि त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची भलीमोठी रिंग येऊन पडली. चिनी रॉकेटचे अवशेष असा तज्ज्ञांचा अंदाज. आता ती रिंग जर सापडलीच नसती, किंवा सापडून कुणी उचलून नेली असती आणि तीस वर्षांनी एखाद्याने आठवणी सांगायला सुरुवात केली असती तर? रॉसवेलचं नेमकं हेच झालंय. १९४७ नंतर विषय जवळजवळ थंड होता, १९७८ मध्ये त्या तळावरच्या निवृत्त मेजर मार्सेल यांची मुलाखत झाली तिथून पुन्हा पेटला. मग १९९४ मध्ये हवाई दलाने सांगितलं की तो साधा हवामानाचा फुगा नव्हताच, प्रोजेक्ट मोगल नावाचा गुप्त प्रयोग होता. अलामोगोर्डोहून फुग्यांची लांबलचक माळ सोडायचे, खाली माइक आणि रडारला दिसावेत म्हणून चांदीच्या कागदाचे, हलक्या लाकडी काड्यांचे पतंग. रशियाने अणुस्फोट केला तर त्याचा आवाज वरच्या हवेच्या थरातून ऐकू येईल अशी कल्पना. त्या पतंगांच्या जोडांना लावलेल्या चिकटपट्टीवर फुलाफुलांची नक्षी होती असं त्या प्रयोगातली माणसं सांगायची, आणि साक्षीदारांना आठवत होती ती जांभळट रंगाची अगम्य चिन्हं. म्हणजे सरकार १९४७ मध्ये खोटं बोललं हे लोकांचं म्हणणं बरोबरच निघालं की, फक्त लपवलेली वस्तू वेगळी होती.

मोठे फुगे आपल्याकडेही सोडतात. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचं हैदराबादला बलून केंद्र आहे, प्रत्येक मोसमात ते लोकांना आवाहन करतात की उपकरणं शेतात उतरली तर हात लावू नका, त्यावरच्या पत्त्यावर कळवा. जयंत नारळीकर सरांनी इस्रोबरोबर वरच्या हवेतले जीवाणू शोधायचे जे प्रयोग केले ते तिथल्याच फुग्यांवरून, ४० किलोमीटरपर्यंत. परग्रहावरून जीव येतो का हा प्रश्न सरांनी कधी हसण्यावारी नेला नाही, फुगा पाठवून हवा भरून आणली. ताई, बाबांना हे माहीत असेलच, विज्ञान परिषदेत जातात म्हणजे.

टेक्ससकर

वरचं वाचून सुचलं. मार्फा सोडा, रॉसवेलहून पश्चिमेला निघा, व्हेरी लार्ज अ‍ॅरे नावाची रेडिओ दुर्बीण बघायला. बाबा रेल्वेचे आहेत म्हणून तर नक्कीच.

हायवे ३८० धरायचा. वाटेत कॅरिझोझोजवळ व्हॅली ऑफ फायर्स लागतं, काळ्या लाव्हाचा पट्टा, सत्तरएक किलोमीटर लांब, फक्त पाचेक हजार वर्षांपूर्वीचा. आपला सह्याद्री याच जातीचा दगड पण साडेसहा कोटी वर्षांचा, झिजून, माती होऊन, भातशेती होऊन बसलेला. इथं तो ताजा दिसतो, बुडबुडे फुटलेल्या खुणांसकट. पुढे सोकोरो, रात्री तिथं राहा, सकाळी पश्चिमेला ऐंशी किलोमीटर गेलात की सान अगस्तीनचं सपाट पठार आणि त्यावर २७ पांढऱ्या तबकड्या, प्रत्येकी २५ मीटर व्यासाची. लांबून आधी ठिपके दिसतात, मग जवळ गेल्यावर कळतं एकेकीचं वजन काय असेल. या सगळ्या रेल्वे रुळांवर आहेत! इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर दुहेरी रूळ टाकलेत, एकेक फाटा २१ किलोमीटर. दर काही महिन्यांनी एक खास ट्रान्सपोर्टर येतो, तबकडी अख्खी उचलतो, रुळांवरून हळूहळू नेतो आणि दुसऱ्या ठाण्यावर ठेवतो. लांब पसरल्या की बारीक तपशील दिसतो, जवळ आणल्या की मोठं पुसट काही असेल ते दिसतं. सिग्नल खात्यातल्या माणसाने ते सांधे आणि ती ठाणी बघितली की बघा. पायी फिरायचा छोटा मार्ग आहे, फोन बंद ठेवायला सांगतात कारण त्याचीही लहर पकडली जाते.

आणि बाबांच्या कामाची बाब म्हणजे या दुर्बिणीला येणाऱ्या सिग्नलची एक प्रत आता परग्रहावरचे बुद्धिमान जीव शोधणाऱ्या सेटी इन्स्टिट्यूटच्या यंत्रणेत जाते, कॉस्मिक नाव त्याचं, दुर्बीण आपलं रोजचं काम करत असताना हे बाजूला बसून कुणी मुद्दाम पाठवलेला सिग्नल आहे का ते तपासत असतात. म्हणजे बाबांना जे हवंय तो शोध खरोखर चालू असलेली जागा ही आहे. रॉसवेलला गोष्ट सुरू झाली, इथं पुढचं काम चाललंय.

तिथून अल्बुकर्की दोन तास, तिथून विमानाने डॅलस. चार दिवसांत निवांत बसतं.

पार्ले_पूर्व

बाबांना आत्ता वाचून दाखवलं. रूळ म्हटल्यावर चष्मा लावून स्वतः वाचायला घेतलं. म्हणाले नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण बघितलीय मी, विज्ञान दिनाला उघडतात तेव्हा, तिथं ३० तबकड्या आणि ४५ मीटरच्या, पण त्या जागच्या हलत नाहीत, ह्या हलणाऱ्या बघायच्यात. तर मार्फापण कटाप, भावाला मी सांगते.

एक अडचण, बाबा सर्वपित्रीला तर्पण केल्याशिवाय घर सोडणार नाहीत.

आकाशदर्शन_ठाणे

मग सर्वपित्री करून दुसऱ्या दिवशी निघा ना. नवरात्राच्या पहिल्या रात्रींना चंद्रकोर बारीक असते आणि लवकर मावळते, चतुर्थी-पंचमीपर्यंत नऊ-दहानंतर आकाश पुन्हा काळंच. रॉसवेल गावातून नका बघू, दिवे आहेत. गावाच्या आग्नेयेला वीसेक किलोमीटरवर बॉटमलेस लेक्स पार्क आहे, किंवा त्याहून छान म्हणजे सोकोरोच्या आदल्या रात्री कॅरिझोझोच्या लाव्हाजवळ थोडं थांबा. टॉर्चला लाल जिलेटीन लावा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात फोन बघितला की पुन्हा पहिल्यापासून. ओळीने जाणारे दिवे दिसले तर ते स्टारलिंकचे उपग्रह, ते पण दाखवा त्यांना, सध्या जगभरातल्या तबकड्यांच्या रिपोर्टांत त्यांचा मोठा वाटा असतो.

कच्छवारी

ज्यांना व्हिसा नाही, बजेट नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, विषय जवळचा आहे म्हणून. वांद्रे टर्मिनसहून कच्छ एक्सप्रेस किंवा दादरहून सयाजीनगरी पकडा, सकाळी भुज. तिथल्या बन्नीच्या गवताळ रानात आणि रणाच्या कडेला रात्री फिरता दिवा दिसतो, लोक त्याला चीर बत्ती म्हणतात, पिढ्यानपिढ्या सांगतात, सीमेवरच्या जवानांनीही बघितल्याचं सांगतात. दलदलीतला वायू पेटतो असं एक म्हणणं आहे, पक्कं काही झालेलं नाही. गुरं राखणारी माणसं त्याच्या मागे जाऊ नका एवढंच बजावतात, कारण मागे जाणारा वाट चुकतो. पांढऱ्या रणासाठी परमिट लागतं, ते भिरंडियाराला काढतात. लडाखमधल्या हानलेला २०२२ मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह केलंय, आकाश तिथलं सर्वात भारी, पण साडेचार हजार मीटरच्या आसपास उंची, सत्तरीच्या शुगरवाल्या माणसाला डॉक्टरला विचारल्याशिवाय नेऊ नये.

रातराणी_सायन

मी डायबेटिस क्लिनिकमध्ये काम करते म्हणून तेवढंच सांगते. इन्सुलिन चेक-इन बॅगेत टाकू नका, केबिनमध्ये घ्या, डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत छापील हवी आणि त्यावर औषधाचं मूळ नाव हवं, ब्रँडचं नको. डॅलस आणि मुंबईच्या वेळेत दहा-अकरा तासांचा फरक, डोस कसे सरकवायचे ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, मनाने करू नका. उभ्या गाडीत इन्सुलिन ठेवून म्युझियमला जाऊ नका, ऑक्टोबरच्या दुपारीही बंद गाडी तापते. वॉनपासून रॉसवेल किंवा रॉसवेल ते कॅरिझोझो असल्या रस्त्यांवर बराच वेळ दुकान नसतं, गाडीत ग्लुकोज, बिस्किटं, दशम्या, पाण्याच्या बाटल्या हाताशी ठेवा, डिकीत नको. पायात मोजे आणि बंद बूट, लाव्हाचा दगड काचेसारखा कापतो आणि शुगरवाल्यांच्या पायाची जखम लवकर भरत नाही.

खाण्याचं म्हणाल तर न्यू मेक्सिकोत उपाशी राहणार नाही. भाजलेल्या हिरव्या मिरचीची ग्रीन चिली सगळ्यावर घालतात, आपल्या ठेच्याची चुलतबहीण म्हणा. बीन बरिटो सगळीकडे मिळतो पण घोटलेल्या बीन्समध्ये आणि कधी कधी टॉर्टियात लार्ड म्हणजे डुकराची चरबी असते, प्रत्येक ठिकाणी विचारा, आणि चिली सॉसमध्ये मटण शिजवलंय का तेही.

पार्ले_पूर्व

सगळं वहीत उतरवून घेतलं. ठरलं मग, सर्वपित्री झाली की निघायचं, घट मोठ्या काकांकडे बसतात त्यामुळे तो प्रश्न नाही. डॅलसला पोचल्यावर एक दिवस विश्रांती, आर्लिंग्टनचे फोटो मोठ्या टीव्हीवर, मग विमानाने रॉसवेल, तिथं दोन रात्री, मग ३८० ने सोकोरो, व्हेरी लार्ज अ‍ॅरे, आणि अल्बुकर्कीहून परत. फाइल स्कॅन करायला या रविवारी बसतेय, गिरगावकर काका, तुमचं ते सांगणं फार पटलं. अल्बुकर्कीला शेवटची एक रात्र राहायची झाली तर हॉटेलं एवढी महाग का दिसतायत? डबल-तिप्पट रेट आहेत.

टेक्ससकर

कारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथं बलून फिएस्टा असतो, नऊ दिवस, जगभरातले गरम हवेचे फुगे येतात, गावात खोली मिळत नाही. दोन मार्ग आहेत. एक तर सोकोरोलाच दोन्ही रात्री राहा, ते सव्वा तासावर आहे, दुपारचं विमान धरलं तर सकाळी निघून आरामात पोचता. किंवा बाबांना पहाटे उठायची सवय असेल तर आत्ताच, आजच, खोली बुक करून टाका, पहाटे अंधारात पेटवलेले फुगे एकदम वर जाताना बघायला मिळतील, रॉसवेल बघून आलेल्या माणसाने ते बघावंच असं मला वाटतं. रॉसवेलची भाडोत्री गाडी अल्बुकर्कीला सोडायचे पैसे वेगळे लागतात, ते भावाला बुक करताना आधी बघायला सांगा. आणि दक्षिण न्यू मेक्सिकोत रस्त्यांवर बॉर्डर पेट्रोलची तपासणी असू शकते, सगळ्यांचे मूळ पासपोर्ट गाडीत हवेत, फोटो चालत नाहीत.